मदत हवी आहे: पावसाळ्यात घरी बी पोलन कसं टिकवायचं? (चिपळूण, दमट हवा, लाईटचा भरवसा नाही)

परसबाग_चिपळूण:

नमस्कार मंडळी, जरा घाईत विचारतेय कारण वस्तू घरात येऊन पडलीये आणि बाहेर पाऊस सुरू झालाय.

माझे मोठे दीर सांगोल्याकडे असतात, त्यांच्याकडे मेलिफेरा म्हणजे युरोपीय जातीच्या मधमाश्यांच्या पेट्या आहेत, डाळिंब सूर्यफूल मका असं जिथे जे फुलेल तिथे शेतकऱ्यांच्या सांगण्यावरून पेट्या हलवतात. आत्तापर्यंत नुसता मध काढायचे, आता पेटीच्या तोंडाशी पराग सापळा लावून पोलनही, म्हणजे माश्या फुलांवरून आणतात त्या परागाच्या गोळ्या, गोळा करायला लागलेत. त्यांनी आमच्यासाठी दोन पिशव्या पाठवल्यात, प्रत्येकी किलोभर. एक पिशवी वाळवलेली आहे, दाणे कडक आहेत आणि पिशवी हलवली की खुळखुळ आवाज येतो. दुसरी मात्र ताजी, न वाळवता तशीच, थर्माकोलच्या खोक्यात बर्फाच्या पाकिटांबरोबर आली. त्यांचं म्हणणं ताज्यात सत्त्व जास्त असतं. असेलही, पण ते दाणे बोटात धरले की दबतात आणि बोटाला पिवळा मेणचट थर राहतो, वास फुलासारखा गोडसर आणि किंचित आंबूस. तो आंबूसपणा मुळातला की खराब व्हायला लागलंय हेच मला कळेना. सध्या ती पिशवी फ्रीजरमध्ये टाकलीये.

आमच्याकडे जूनपासून काय हाल असतात ते कोकणातल्यांना सांगायला नको, मीठ पाणी सोडतं, पापड सादळतात, कपाटातल्या चपलांवर बुरशी येते. मागच्या वर्षी दिरांनी थोडं वाळवलेलं पोलन दिलं होतं ते काचेच्या बरणीत घट्ट झाकण लावून ओट्यावरच ठेवलेलं, श्रावण यायच्या आत त्याचा गोळा झाला आणि कुबट वास यायला लागला म्हणून टाकून द्यावं लागलं. माश्यांनी एवढ्या खेपा घालून आणलेली वस्तू अशी उकिरड्यावर जाते याचं फार वाईट वाटलं. ह्या वेळी तसं होऊ द्यायचं नाहीये.

तर प्रश्न असे की ताजं घरी वाळवता येईल का आणि कसं, की फ्रीजरमध्येच राहू द्यावं? वाळवलेलं फ्रीजमध्ये ठेवलं तर बाहेर काढल्यावर बरणीला घाम येतो त्याचं काय? मिठात टाकतो तसे तांदूळ टाकले तर चालतील का? आणि लाईट पाच सहा तास गेली तर फ्रीजरमधलं खराब होतं का? सासूबाईंना रोज अर्धा चमचा द्यायचा विचार आहे, त्यामुळे अंदाजपंचे काही करायचं नाहीये. ज्यांनी स्वतः साठवून पाहिलंय त्यांनी प्लीज लिहा.

देशावरचा_पेटीवाला:

ताई, आधी एक काम करा, ती ताजी पिशवी फ्रीजरमध्येच राहू दे, बाहेर काढून ठेवू नका. ताज्या पोलनमध्ये साधारण २० ते ३० टक्के पाणी असतं. माशी परागात थोडा मध आणि लाळ मिसळून मागच्या पायावर त्याची गोळी करून आणते, म्हणजे पाणी आहे साखर आहे प्रथिनं आहेत, बुरशीला आणि यीस्टला आणखी काय पाहिजे. उन्हाळ्यात सुद्धा सापळ्याचा खण आम्ही रोज रिकामा करतो, एक दिवस राहिलं आणि रात्री दव पडलं की दुसऱ्या दिवशी चिकटतं. तुमच्या हवेत ओट्यावर दोन तीन दिवसही टिकणार नाही.

आंबूस वासाचं म्हणाल तर हलका आंबटगोड वास ताज्याला मुळातच असतो, त्याला घाबरू नका. दारूसारखा किंवा कुबट वास आला, दाण्यावर पांढरा हिरवा लव दिसला, तर मात्र सगळंच टाका. वरचं बुरशीचं काढून खालचं ठेवू असं करू नका, काही बुरशींचं विष दाण्यात उतरतं आणि ते वाळवून किंवा गरम करून जात नाही.

वाळवलेल्याचं पाणी ६ ते ८ टक्क्यांवर आलेलं असायला पाहिजे. दाणा दोन बोटांत दाबला तर दबायला नको, कडक लागला पाहिजे, खुळखुळ आवाज येतोय म्हणताय म्हणजे त्यांनी नीट वाळवलंय.

मधवेडी:

मी तर सरळ मधात कालवून ठेवते. चार भाग मध एक भाग पोलन, बरणी भरून कपाटात ठेवायची. मस्त टिकतं आणि खायलाही सोपं.

देशावरचा_पेटीवाला:

मधवेडी ताई, वाळवलेलं असेल तर एकदम बरोबर, मीही घरी तेच करतो. पण ताजं मधात घालू नका कुणी. मधात पाणी २० टक्क्यांच्या खाली असतं म्हणून तो टिकतो, त्यात २५ टक्के पाण्याचं ताजं पोलन कालवलं की पाणी वाढतं आणि मध फसफसायला लागतो, झाकण फुगतं. मधसुद्धा पिकलेला म्हणजे माश्यांनी मेणाने बंद केलेल्या घरातला पाहिजे, पातळ असेल तर नको. पहिले काही दिवस पोलन वर तरंगतं, मधूनमधून ढवळायचं.

परसबाग_चिपळूण:

दादा खूप आभार. म्हणजे वाळवलेल्यातलं थोडं मधात घालते, दिरांचाच मध आहे, घट्ट आहे. पण ताजं किलोभर कसं संपणार? घरी वाळवायचं म्हटलं तर ऊन नाहीच, पंख्याखाली पसरलं तर? नाहीतर ओव्हन आहे घरात.

फूडटेक_पुणे:

परसबाग ताई, मी खाद्यपदार्थांच्या लॅबमध्ये काम करते म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पंख्याखाली चिपळुणात आत्ता पसरू नका. पोलन हवेतलं पाणी ओढून घेतं, हवेत ८५-९० टक्के आर्द्रता असेल तर पंखा लावून ते वाळणार नाही, उलट वाळलेलंसुद्धा ओलं होईल. मागच्या वर्षी तुमची बरणी घट्ट असूनही गोळा झाला त्याचंही कारण बहुतेक हेच. झाकण कितीही घट्ट असलं तरी रोज उघडलं की बरणीतली हवा बदलते, पोलन तेवढी वाफ पिऊन घेतं, पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. बरणी अर्धी झाली की आतली रिकामी जागा वाढते त्यामुळे शेवटचं शेवटचं तर फारच पटकन सादळतं.

ओव्हन नको, बहुतेक घरगुती ओव्हन ५० च्या खाली स्थिर राहतच नाहीत आणि पोलन ४० अंशांच्या वर नेऊ नये असं धरतात, त्यापुढे जीवनसत्त्वं आणि रंगद्रव्यं जायला लागतात, वास बदलतो. कडक उन्हातही थेट टाकू नये, त्याच कारणासाठी. फळं भाज्या वाळवायचं डिहायड्रेटर मशीन कुणाकडे असेल तर ४० वर लावून पातळ थरात, एका दाण्यावर दुसरा येणार नाही असं पसरायचं. झालं की नाही हे बघायला माझा भरवशाचा उपाय म्हणजे वजनकाटा. ताज्यात २५ टक्के पाणी धरलं तर एक किलोचं वाळून साधारण ८०० ग्रॅम व्हायला पाहिजे. ९०० वर थांबलात तर हाताला कोरडं लागेल पण आत ओल आहे, आणि तेच पुढे बुरशी धरतं.

मशीन नसेल तर वाळवायच्या भानगडीत पडूच नका. फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर ताजं पोलन अगदी चांगलं राहतं, खरं तर सत्त्वाच्या दृष्टीने ती सगळ्यात बरी पद्धत. फक्त किलोची एक पिशवी ठेवू नका. आठवड्याभराला लागेल एवढ्याच छोट्या छोट्या पुड्या करा, जाड झिपच्या पिशवीत चपट्या भरा, हवा दाबून काढा, त्या सगळ्या परत एका डब्यात. चपटी पुडी लवकर गोठते आणि दाणे सुटे राहतात. एक पुडी फ्रीजरमधून खालच्या फ्रीजमध्ये आणली की ती तिथेच संपवायची, परत गोठवायची नाही.

तांदळाबद्दल. मिठात चालतात ते इथे चालणार नाहीत आणि त्यामागचं कारण समजून घ्या, साध्या तांदळात स्वतःच १२ ते १४ टक्के पाणी असतं, तुमचं पोलन ७ टक्क्यांवर आहे, म्हणजे तांदूळ पोलनचं पाणी ओढायच्या ऐवजी पोलनच तांदळाचं ओढेल. भाजून गार केलेले तांदूळ थोडा वेळ काम करतात पण पुरे पडत नाहीत. सिलिका जेलच्या खाण्याच्या वस्तूंसाठी मिळणाऱ्या पुड्या घ्या, पांढऱ्या किंवा केशरी दाण्यांच्या. निळ्या दाण्यांच्या घेऊ नका, त्यात कोबाल्ट क्लोराइड असतं आणि ते पोटात जाण्यासारखं नाही.

कोकणकन्या_ठाणे:

बरणीच्या घामाचं मी सांगते, आमच्याकडे काजूगर आणि कोकम पावडरचं तेच होतं. फ्रीजमधून काढल्या काढल्या झाकण उघडायचं नाही. बंद बरणी तशीच बाहेर ठेवायची, काचेला हात लावल्यावर गार लागायची थांबली की मगच उघडायची, म्हणजे घाम बाहेरून येतो आत नाही. पण रोज सकाळी कोण थांबतंय एवढं, म्हणून मी दोन बरण्या करते. मोठी फ्रीजमध्ये, तिला फार हात लावायचा नाही, आणि छोटी चटणीच्या बरणीएवढी रोजच्या वापराला, तीही फ्रीजमध्येच पण ती संपेपर्यंत मोठी उघडायची नाही. चमचा कोरडा खडखडीत, आणि पातेल्यातल्या दुधाच्या वाफेवर बरणी धरून चमचा भरायचा नाही, आमच्या घरी सगळेच हे करतात.

अजून एक, दारातल्या कप्प्यात ठेवू नका, तिथलं तापमान सारखं वरखाली होतं. आणि फ्रीजमध्ये ओले बोंबील सुकट वगैरे असेल तर पोलन वास धरतं, रबराची रिंग असलेली काचेची बरणीच पाहिजे, स्टीलच्या डब्याचं झाकण हवाबंद नसतं. काचेतून उजेड लागू नये म्हणून मी भोवती खाकी कागद गुंडाळते.

परसबाग_चिपळूण:

किती छान समजावून सांगितलंत सगळ्यांनी. दुधाच्या वाफेचं तर अगदी आमच्याच घरातलं चित्र. सासूबाई पोलन कढत दुधातच घालायचं म्हणत होत्या, ते चालेल का? आणि लाईटचं राहिलंच.

फूडटेक_पुणे:

लाईट पाच सहा तास गेली तर फ्रीजर उघडू नका, एवढंच. भरलेला फ्रीजर बंद राहिला तर तेवढा वेळ गोठलेलंच राहतं. जागा रिकामी असेल तर पाण्याच्या बाटल्या भरून ठेवा, बर्फ थंडावा धरून ठेवतो. दिवसभर गेली आणि पुड्या मऊ पडल्या तर त्या फ्रीजमध्ये घेऊन आठवड्याच्या आत संपवा. वाळवलेल्याला लाईट गेल्याने काही होत नाही, तो फायदा आहे त्याचा. फ्रीजमध्ये वाळवलेलं वर्षभर धरा, त्यापुढे वास आणि रंग उतरत जातो.

कढत दुधात नको, कोमट चालेल. दाणे आधी थोड्या पाण्यात किंवा दह्यात दोन तीन तास भिजवले तर बरं, परागकणाचं बाहेरचं कवच फार चिवट असतं, तसंच गिळलं तर बरंचसं न पचता जातं.

औषधवाला_सातारा:

साठवणीचं चाललंय पण मध्येच एक महत्त्वाचं लिहितो, ताई वाईट वाटून घेऊ नका. सासूबाईंना देण्याआधी त्यांना दमा, सर्दीची ॲलर्जी, मधमाशी चावल्यावर अंगावर गांधी उठणं असं काही आहे का ते विचारा. पोलनने क्वचित पण फार गंभीर ॲलर्जी होते, घसा सुजणं, श्वास अडकणं इथपर्यंत. अर्ध्या चमच्याने सुरुवात अजिबात करू नका. पहिल्या दिवशी दोन चार दाणे, दुसऱ्या दिवशी थांबून बघा, मग हळूहळू. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच. आणि अशक्तपणासाठी देत असाल तर आधी हिमोग्लोबिन तपासून घ्या, पोलन हे अन्न आहे, औषधाच्या जागी धरू नका.

परसबाग_चिपळूण:

वाईट कसलं वाटायचं दादा, बरं झालं लिहिलंत. त्यांना रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, हे माझ्या डोक्यातच जोडलं गेलं नव्हतं. उद्याच डॉक्टरांना फोन करते, तोपर्यंत त्यांना देत नाही.

आत्ताच बसून ताज्याच्या पुड्या केल्या आणि फ्रीजरच्या तळाच्या खणात लावल्या. वाळवलेलं बरण्यांत भरलं. दिरांशीही बोलले, ते म्हणाले पुढच्या वेळेस तिकडेच वाळवून पाठवतो, त्यांच्याकडे हवा कोरडी आहे. त्यांनी पेटीवाले दादांना एक विचारायला सांगितलंय, सापळा किती दिवस ठेवावा? आणि माझा एक शेवटचा प्रश्न, वाळवलेल्याच्या पिशवीत तळाला बराच पिवळा चुरा आहे, मधे एखाददुसरा माशीचा पाय पंख पण दिसला. तो चुरा ठेवायचा की टाकायचा? आणि किडे होतात का यात?

देशावरचा_पेटीवाला:

भाऊंना सांगा, सापळा कायम ठेवू नका. आठवड्यात दोन तीन दिवस ठेवून काढायचा, आणि फुलोरा जोरात असेल तेव्हाच. पराग हेच अळ्यांचं प्रथिन आहे, तेच आपण काढून घेतलं तर राणी अंडी घालायची कमी करते आणि पेटी खचते. पावसाळ्यात बाहेर पराग मिळत नाही तेव्हा तर सापळा पूर्ण बंद, उलट आपल्यालाच त्यांना खायला द्यावं लागतं. कोकणात कुणाकडे सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी माश्यांच्या, पेट्या असतील तर त्यांना माझं सांगणं आहे की सातेरीला सापळा लावूच नका. वसाहत लहान असते, चिडली की पेटी सोडून निघून जाते.

किडे होतात हो, मेणपतंगाची अळी किंवा धान्यातले किडे, अंडी आधीच आत असू शकतात. म्हणून वाळवलेलं सुद्धा बरणीत भरण्याआधी दोन दिवस फ्रीजरमध्ये ठेवायचं, पिशवी बंद ठेवून, आणि मग बाहेर आणून साध्या तापमानाला आल्यावर उघडायचं. तुम्ही भरून टाकलं असेल तर बरण्या तशाच फ्रीजरमध्ये ठेवा दोन दिवस, फक्त काठोकाठ भरलेल्या नकोत.

चुरा चाळून वेगळा काढा. पाय पंख फुंकून जातात, पसरट ताटलीत घेऊन हळू फुंका. चुरा चांगलाच असतो, पण दाण्यापेक्षा लवकर सादळतो आणि त्याच्यामुळे बाकीचे दाणे चिकटतात, म्हणून तो बरणीत ठेवू नका, मधात घालायचं आहे ना तुम्हाला, तर पहिल्यांदा तोच घाला.