काकांच्या ट्रंकेत विमानातून काढलेले कोल्हापूरचे जुने फोटो सापडलेत, जपायचे कसे आणि दाखवायचे कसे?

शुक्रवारपेठकर
नमस्कार मंडळी. आमचे थोरले काका पाटबंधारे खात्यात ट्रेसर (नकाशे गिरवणारे) होते. त्यांची ट्रंक परवा उघडली तर नकाशांच्या सुरळ्यांखाली एका खाकी पाकिटात विमानातून काढलेले ब्लॅक अँड व्हाइट फोटो निघाले, चौकोनी, बरोबर वीतभर. रंकाळा लगेच ओळखला, पंचगंगेची वळणं पण कळतात, बाकी नुसती रानं आणि विहिरी, आज जिथं अपार्टमेंट आहेत तिथं सुद्धा. २०१९ च्या पुरात खालच्या खोलीतलं सगळं गेलं, ट्रंक माळ्यावर होती म्हणून हे वाचलं.
आता प्रश्न असे की फोटो कडेनं वळलेत ते इस्त्री करून सरळ होतील का, लॅमिनेशन करावं का. एका डब्यात फिल्मचा रोल आहे त्याला व्हिनेगरसारखा वास मारतोय. आणि बरेच फोटो डबल आहेत, म्हणजे एकाच जागेचे दोन दोन, तीन तीन, ते मित्रांना वाटून टाकावेत म्हणतोय. तालमीच्या ग्रुपवर एक टाकला तर सगळे मागेच लागलेत, बॅनर करूया, फक्त ती बाजूची काळी पट्टी घाण दिसते ती कापून दे म्हणून.

नकाशावेडा
भावा थांब!! एक पण फोटो वाटू नकोस आणि ती पट्टी तर अजिबात कापू नकोस.
ते डबल नाहीत. सर्व्हेचं विमान सरळ रेषेत जाताना असे फोटो घेतं की पुढचा फोटो मागच्यावर साधारण ६० टक्के चढतो, आणि शेजारच्या रांगेशी पण २०-३० टक्के. मुद्दाम. शेजारचे दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे दोन भिंगांच्या चष्म्याखाली, ठेवले की जमीन उठून दिसते, टेकडी वर येते, ओढा खाली जातो. त्यावरूनच कंटूर, म्हणजे सारख्या उंचीच्या रेषा, काढायचे, तुझ्या काकांच्या टेबलावर हेच काम येत असणार. जोडीतला एक गेला की उरलेला नुसता देखावा.
आणि ती काळी पट्टी म्हणजे फोटोचा जन्मदाखला आहे. नीट बघ, कॅमेऱ्याप्रमाणे कमीजास्त असेल पण घड्याळ, उंचीचा काटा, लेव्हलचा बुडबुडा, लेन्सचा फोकल लेंथ, फ्रेम नंबर असं काय काय असतं. त्यावरून स्केल निघतं, उंचीला फोकल लेंथनं भागायचं. समज फोकल लेंथ १५२ मिमी आणि विमान जमिनीपासून ३,८०० मीटरवर, तर स्केल १:२५,००० आणि तुझा एक वीतभर फोटो म्हणजे पावणेसहा किलोमीटर मुलूख. फक्त काटा समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, त्यातून आपल्या जमिनीची साडेपाचशे मीटरच्या आसपासची वजा कर नाहीतर गणित गंडतं. पट्टी कापलीस की यातलं काहीच करता येत नाही. तालमीला बॅनर पाहिजे तर स्कॅनची कॉपी कापा म्हणावं.

ओलंसुकं
मी म्युझियमच्या कामात असते म्हणून लिहिते. इस्त्री नाही, लॅमिनेशन तर मुळीच नाही, ते परत निघत नाही आणि उष्णतेनं चित्र धरून ठेवणारा जिलेटिनचा थर बिघडतो. वळलेला फोटो जोरात दाबला तर थराला तडे जातात, तूर्त वळलेलाच राहू दे, मोठ्या खोक्यात आडवा ठेवा.
सगळ्यात आधी तो रोल बाकीच्यांपासून लांब करा, आजच. तो वास म्हणजे ॲसिटेट प्लॅस्टिकची फिल्म कुजायला लागल्याची खूण आहे, त्याची वाफ शेजारच्या फिल्मला पण लागते. घट्ट झाकणात कोंडू नका, कोरड्या थंड हवेशीर जागी ठेवा आणि पहिलं स्कॅनिंग त्याचंच, कारण आक्रसून वाकडी झाली की स्कॅनरच्या काचेवर सपाट बसतच नाही. कडेला ‘सेफ्टी’ असं छापलेलं दिसतंय का बघा. नसेल आणि माल १९५० च्या आधीचा असेल तर नायट्रेट असू शकते, ती पेटते, ती घरात ठेवायची नाही, जाणकाराला विचारल्याशिवाय हात लावू नका.
फोटोंना बाजारातल्या पीव्हीसीच्या पिशव्या नकोत, ॲसिड-फ्री कागद किंवा पॉलिएस्टरचे स्लीव्ह घ्या. मागे बॉलपेननं लिहू नका, मऊ पेन्सिल, तीही कडेला हलकी. खरं संकट आपल्याकडचा पावसाळा, जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांना बुरशी येते तिथं जिलेटिनचं काय! माळा नको, तिथं उन्हाळ्यात भट्टी आणि पावसात गळती. मधल्या मजल्यावर, बाहेरच्या भिंतीला न चिकटलेलं कपाट बघा. आणि दोन फोटो एकमेकांना चिकटले असतील तर ओढू नका, मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कॉन्झर्व्हेशन सेंटर आहे, तिथं विचारा.

पुलापलीकडचा
सगळे जपायचंच बोलताय पण दाखवायचं काय? दर पुराला पूररेषेवरून भांडणं होतात, नदीकाठी आधी काय होतं ते या फोटोत सरळ दिसणार. आजच सगळे फेसबुकवर टाका की राव, कोण अडवतंय.

कागदपत्रं
अडवतंय असं नाही, पण आधी प्रत्येक फोटोची मागची बाजू बघा. आपल्याकडं हवाई फोटोग्राफी हवाई दल, कलकत्त्याची एअर सर्व्हे कंपनी आणि नंतर हैदराबादची रिमोट सेन्सिंगवाली मंडळी करायची, सर्व्हे ऑफ इंडिया या नकाशांच्या सरकारी खात्यामार्फत, आणि बऱ्याच फोटोंवर ‘रिस्ट्रिक्टेड’ किंवा ‘सीक्रेट’ असा शिक्का असायचा. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रानं नकाशे आणि भूमाहितीचे नियम बरेच सैल केले हे खरं, पण जुना शिक्का त्यामुळं आपोआप पुसला जात नाही. शिक्का असेल तर सर्व्हे ऑफ इंडियाला लेखी विचारा, मग टाका.
दुसरं, हा माल मुळात ऑफिसचा असू शकतो. काकांनी वाचवला हे उपकारच, रद्दीत गेला असता. तरी मूळ फोटो शेवटी पुराभिलेखागारात जावेत असं माझं मत, कोल्हापुरातच शासनाचं आहे, संस्थानाची दप्तरं तिथंच आहेत. देताना यादी करून पोच घ्या आणि स्कॅन स्वतःकडं ठेवा. कॉपीराइट सरकारी कामाला प्रकाशनापासून ६० वर्षं असतो, तेव्हा वर्ष कळणं महत्त्वाचं, म्हणजे परत त्या काळ्या पट्टीवरच आलो.

शुक्रवारपेठकर
बापरे, बरं झालं विचारलं. इस्त्री रद्द, वाटणं रद्द. रोल वेगळ्या खोलीत नेला, ‘सेफ्टी’ छापलंय. शिक्का पाच-सहा फोटोंवर आहे, ते बाजूला काढलेत, कुणाला दाखवणार नाही. आता स्कॅन, घरी प्रिंटरवाला ए-फोर स्कॅनर आहे तो चालेल ना?

नकाशावेडा
नाही चालणार, तिथंच गोची होते बघ. ए-फोर स्कॅनरची काच साधारण साडेएकवीस सेंटीमीटर रुंद आणि फोटो तेवीसचा, म्हणजे कापली जाणार ती नेमकी पट्टी. ए-थ्रीचा फ्लॅटबेड शोध. फीडरमधनं अजिबात नको. १२०० डीपीआय (इंचाला १२०० ठिपके), ग्रेस्केल, टिफ (तपशील न गाळणारी फाइल). शंभर एमबीच्या वर जाईल एक फाइल पण १:२५,००० ला एक पिक्सेल म्हणजे जमिनीवर अर्धा मीटर, विहीर मोजता येते. मूळ टिफला हात लावायचा नाही, उजेड-बिजेड जे करायचं ते कॉपीवर. तीन कॉप्या, त्यातली एक दुसऱ्या गावात, कारण पूर आपल्याला सोडत नाही. व्हॉट्सॲपवर पाठवायचाच तर डॉक्युमेंट म्हणून.
मग क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या नकाशावर बसवू. दोन्हीकडं जुळवायच्या खुणेला देवळाचं शिखर घ्यायचं नाही, उंच गोष्ट फोटोच्या मध्यापासून बाहेर कलते. नदीचा काठ पण नको, सरकतो. शिवाजी पुलाची टोकं, जुने चौक, न बुजवलेल्या विहिरी घ्यायच्या. गांधी मैदान म्हणजे पूर्वीचं वरुणतीर्थ तळं, पावसात तुंबलं की आठवतंच सगळ्यांना, तुझ्या फोटोत तिथं काय दिसतंय ते मला आधी सांग.

शुक्रवारपेठकर
पेठांचा भाग असलेले तीनच आहेत आणि नेमकी त्यांचीच पट्टी आधी कुणीतरी कापलीय, आता त्यांचा नंबर कसा लावायचा?

नकाशावेडा
सावल्या बघ. ज्या नंबरवाल्या फोटोंत सावलीची दिशा आणि लांबी तशीच आहे ते विमानाच्या त्याच फेरीतले असणार, मग जमिनीवर पसरून एकावर एक चढतात का बघत जा. बसला तर फाइलच्या नावात फ्रेम नंबर ‘अंदाजे’ म्हणून टाक, पक्का म्हणून नको.