सोलापुरात एकोपा गॅदरिंगनं होतो की पाण्याच्या पाळीनं?

जुळेकर_४२ (धागा सुरू)
आमच्या अपार्टमेंटमध्ये ४२ फ्लॅट, तेलुगू, कन्नड, मराठी, मुस्लिम, मारवाडी सगळे आहेत. गेल्या वर्षी कमिटीनं मेंटेनन्समधून १८ हजार काढून स्नेहमेळावा केला. स्टेज, साऊंड, जेवण सगळं झालं आणि लोक आपापल्या घोळक्यात जेवून वर गेले.

मग उन्हाळ्यात एका रात्री पाणी आलं आणि मोटार जळली. इथं पाणी चार-पाच दिवसांनी येतं, त्यामुळं ती रात्र गेली की गेलीच. अडीच वाजता तिसऱ्या मजल्यावरचे लूमवाले काका लुंगीवर खाली आले आणि पान्यानं मोटार खोलायला बसले, मारवाडी भाभींनी मोबाईलची बॅटरी धरली, तळमजल्यावरच्या चाचींनी पातेलंभर चहा आणला, आणि तोवर आम्ही दहा-बारा जण हौदातून बादल्या वर देत होतो. तेव्हापासून आम्ही पाळी लावलीय, चिठ्ठी टाकून दोन घरांची जोडी, पाणी सोडणारा चावीवाला आला की दोघांनी उठायचं. आता कुणाला शुगर आहे, कुणाचा पोरगा रात्रपाळीला आहे, सगळं माहीत झालंय.

माझं म्हणणं एवढंच, मेळाव्याचे पैसे बंद करा आणि लोकांना एक सामायिक काम द्या. हे शहर गिरणीच्या भोंग्यावर वाढलंय. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेले आपले चार हुतात्मे बघा, मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे. चारही नावं वेगळ्या घरातली. ती माणसं स्वातंत्र्याच्या लढ्यासाठी एकत्र आली.

काठीकर
अजिबात पटलं नाही. गरज संपली की माणसं पांगतात. एका साच्यावर, म्हणजे मागावर, उभे राहिलेले कामगार गिरण्या बंद झाल्यावर कुठं गेले? त्यांची पोरं एकमेकांना ओळखत नाहीत. उद्या रोज पाणी यायला लागलं की तुमची पाळीपण संपली.

टिकतं ते परंपरेनं. सिद्धेश्वरांच्या गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या यात्रेला, सात नंदीध्वज निघतात, उंच काठ्याच त्या, वेगवेगळ्या समाजांना मान आहे, सराव आधीपासून चालू होतो. सरावाला मी लहानपणापासून जातो. काठी पेलताना एकाचा तोल गेला की कुणाचा हात कुठल्या जातीचा कोण बघत नाही. सगळ्यांच्या अंगात तीच पांढरी बाराबंदी. आणि अक्षता सोहळ्याला, सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाला, देवळाजवळच्या संमती कट्ट्यासमोरची गर्दी बघा, त्यातल्या कुणाला पाण्याची अडचण म्हणून कोण बोलावलेलं नसतं.

जुळेकर_४२
काठी पेलणं म्हणजे कामच की ओ. तुम्ही माझंच म्हणणं सांगताय.

काठीकर
नाही. काठीमागं श्रद्धा आहे, मोटारीमागं नाही. फरक आहे.

पूर्वभागातली_लेक
दोघांचं वाचलं. माझ्या आईनं ४० वर्षं विड्या वळल्या, मराठी तिला कळतं पण बोलताना अडखळते. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सगळे भराभर मराठीत बोलतात आणि ती एका कोपऱ्यात गप्प बसते, नंतर लोक म्हणतात 'त्यांना इंटरेस्ट नसतो'. तुमचं 'एकत्र या' म्हणजे दर वेळी आम्हीच तुमच्याकडं यायचं.

आणि तीच आई विडीच्या ओट्यावर बघायला हवी होती. मांडीवर सूप, पानं कातरून ओल्या फडक्यात झाकलेली, शेजारची खाला उर्दूत बोलायची, पलीकडची मावशी मराठीत, ही तेलुगूत, आणि हात कुणाचाच थांबायचा नाही. कुणाच्या घरी बाळंतपण असलं की तिचा दिवसाच्या विड्यांचा आकडा बाकीच्या पुरा करून द्यायच्या. तिथं आईला कुणी मराठी शिक म्हणलं नाही.

अजून एक. आपापल्या समाजाच्या संस्थांना नावं ठेवायची फॅशन झालीय. नारळी पौर्णिमेला आम्हा पद्मशाली विणकरांच्या मार्कंडेय महामुनींचा रथ निघतो तेव्हा पूर्वभागातलं, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीतलं, प्रत्येक घर रस्त्यावर असतं. परमुलखातून आलेल्या विणकरांना आधी आपल्या माणसांनीच धरलं. आपलं घर भक्कम असलं तरच माणूस दुसऱ्याच्या दारात मोकळेपणानं जातो.

विजापूर_रोड
सगळे लई चांगलं बोललालेत पण मूळ गोष्ट राहिली बघा. मागच्या वर्षी मी फ्लॅट शोधत होतो. फोनवर सगळं ठरायचं, नाव सांगितलं की 'कालच दुसऱ्याला दिला'. पाच ठिकाणी. माझ्या पोरीनं विचारलं, अब्बू, सगळे फ्लॅट कालच कसे जातात? मला उत्तर देता आलं नाही. आत घ्यायचंच नसेल तर पाळी कुणाबरोबर लावणार, काठी कुणाबरोबर धरणार?

सोलापूरजवळच्या कुंभारीला बघा. २००६ ला गोदूताई परुळेकर वसाहतीत विडी कामगार बायकांना १० हजार घरं मिळाली, मग रे नगर, ३० हजार घरांचा प्रकल्प, पैकी १५ हजार घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ ला दिल्या. विडीवाली, लूमवाला, कचरा वेचणारी, सगळ्यांना कामगार म्हणून घर. आधी दार, मग एकोपा.

जुळेकर_४२
विजापूर_रोड, तुमचं वाचून गप्प झालो. आमच्याकडं दोन फ्लॅट रिकामे आहेत आणि मालकांनी कमिटीला 'विचारून' भाडेकरू ठेवायचे अशी तोंडी प्रथा आहे. मी कमिटीत आहे आणि ती मी कधी मोडली नाही. रविवारच्या मीटिंगला हाच पहिला विषय घेतो, लेखी.

लेक, पाळीच्या चिठ्ठ्यांत आम्ही फक्त पुरुषांची नावं टाकली होती, तेही तुमचं वाचल्यावर लक्षात आलं. आज रात्री पाणी आहे. दुसऱ्या मजल्यावरच्या अम्मांना विचारून आलो, त्या म्हणल्या उठते, पण जिन्यात ओरडायचं ते मी तेलुगूतच ओरडणार, 'नीळ्ळु वच्चिनाय', म्हणजे पाणी आलं.

काठीकर
ओरडू दे की. जानेवारीत सरावाला या सगळे, बघू कुणाच्यानं काठी पेलते.