सेल्स एजंटच्या करारावर सही करू का? मदत हवी आहे

बरीच वर्षं लाइन प्रोड्यूसर म्हणून राबल्यावर पहिला सिनेमा स्वतः काढला. डीसीपीसुद्धा (थिएटरमध्ये दाखवायची डिजिटल प्रत) तयार आहे. आता सिनेमाचे हक्क विकून देणाऱ्या सेल्स एजंटचा करार समोर आहे आणि डोकं चालेनासं झालंय. पैसे आले की आधी त्याचं कमिशन, मग त्याचा मार्केटिंग खर्च, मग गुंतवणूकदार, आणि उरलंच तर मी! खर्चाला कमाल मर्यादाच लिहिलेली नाही. ती मागितली तर बिनसेल का?

एजंटला काय काय द्यायचं त्या डिलिव्हरीच्या यादीत संवाद वगळून म्युझिक-इफेक्ट्सचा वेगळा ट्रॅक आहे. मिक्सिंगच्या वेळी तो काढूनच घेतला नाही (चूक माझीच). संगीतकाराशीही सगळं तोंडी ठरलंय. हक्कांचा कागद आता करून घेतला तर चालतो? की महोत्सवातल्या प्रीमियरपर्यंत सहीच लांबवू? ज्यांनी असे करार केलेत त्यांनी प्लीज सांगा.