'आलो'चं 'आले' कधी झालं? (अनुभव धागा)

मराठीत तोंड उघडलं की क्रियापदच चुगली करतं. 'मी आलो' की 'मी आले', लपायला जागाच नाही. तर ट्रान्स बायकांनो, आणि घरच्यांनो पण, तुमच्याकडे हे कसं झालं ते लिहा. खरी नावं नकोत.

परळची:
कॉल सेंटरची नाइट करून सकाळी चाळीत आले, चप्पल काढता काढता तोंडातून गेलं, "दमले गं आज". मैत्रिणींत तसंच बोलायचे ना, सवय. आई कोथिंबीर निवडत होती, तिने वर बघितलं आणि परत काड्या मोडायला लागली, मला वाटलं ऐकलं नसेल, पण त्या दिवसापासून 'जेवलास का' बंद. 'जेवलीस' पण नाही हां. "जेवण झालं का? चहा हवाय? निघायची वेळ झाली ना?" चार वर्षं झाली, बाई एकदाही चुकली नाही, एवढं व्याकरण मला दहावीत जमलं नव्हतं. बाबा टीव्हीशी बोलतात, सोडा. गेल्या गणपतीत मामाने विचारलं, पोरगा कुठाय? आई म्हणाली, "आत मोदक वळतायत." वळतायत! डायरेक्ट आदरार्थी!! (कळ्या माझ्याच चांगल्या पडतात, ते वेगळं.)

मालवणीवाली:
मी १९ व्या वर्षी घर सोडून हिजडा घराण्यातल्या गुरूकडे गेले. तिथे पहिल्या दिवसापासून "आ गयी? बैठ", कुणी काही विचारलंच नाही. 'पाव पडती' (म्हणजे पाया पडते) म्हणायला शिकले. पण गुरू म्हणजे दुसरी आई असं सगळे लिहितात ना, ते अर्धंच आहे. सिग्नलवरच्या मंगतीतला (मागून मिळालेल्या पैशातला) हिस्सा रोज द्यायचा, न सांगता दोन दिवस बहिणीकडे राहिले तर दंड बसला. आणि डेंग्यू झाला, मला पुरुषांच्या वॉर्डात टाकलं, तेव्हा वॉर्डबॉयशी भांडून रात्रभर उशाशी बसली ती पण गुरूच.

कागदवाली:
आमच्याकडे आईपप्पा लवकर वळले, कागदांनी जीव खाल्ला. २०१४ च्या नालसा निकालात (ट्रान्स लोकांच्या हक्कांचा खटला) सुप्रीम कोर्ट म्हणालं, आपली ओळख आपण सांगायची, ऑपरेशनची अट नको. मग २०१९ चा ट्रान्सजेंडर कायदा आला आणि त्यात कलेक्टरचं सर्टिफिकेट. मी २०२२ ला सरकारी पोर्टलवर अर्ज टाकला तेव्हा त्यावर 'ट्रान्सजेंडर' मिळायचं, 'स्त्री' हवं तर ऑपरेशनचा दाखला जोडून परत अर्ज करा. मधल्या काळात बँकेत गेले तर साहेब आधारवरचा फोटो बघून म्हणाले, "मॅडम, खातं भावाचं आहे, त्यांनाच पाठवा." निदान मॅडम तरी म्हणाले.

धाकटी:
मी बहीण. दादाची ताई झाली त्या वर्षी भाऊबीजेला आई म्हणाली, यंदा ओवाळणं राहू दे, लोक काय म्हणतील. मी निरांजन लावून बसलेच. ताईला साडीत पाटावर बसता येईना, शेवटी खुर्ची आणली. ओवाळणी सोडली नाही मी, हजार घेतले.