पंचेचाळिशीपुढच्यांना नारळ द्या म्हणे!

हिरवा पडदा

परवापासून एक पोस्ट फिरतेय, तिशीच्या आतल्या कुणा उत्साही माणसाची. सारांश असा: आयटीतली पंचेचाळिशीपुढची मंडळी ईमेल आणि एक्सेलला चिकटून बसतात, त्यांच्यामुळे नवी साधनं रुजत नाहीत, सबब त्यांना मानाने नारळ द्यावा. खाली बदामांचा खच.

मी त्या नारळाच्या रांगेतला. आयबीएमच्या एएस/४०० संगणकावर, म्हणजे काळ्या पडद्यावरच्या हिरव्या अक्षरांवर, सुरुवात केली, वायटूकेच्या (२००० साल लागताना तारखा चुकू नयेत म्हणून) रात्री काढल्या, आता खराडीत बसून तेच हिशेब क्लाउडवर चालवतो.

जुनं सगळं सोनं होतं असं मी मेलो तरी म्हणणार नाही. गिट २००५ साली आलं. त्याआधी आमच्याकडे सोर्स कोड सांभाळायची जी साधनं होती त्यांत एकाने फाइल चेकआउट करून ठेवली आणि तो गणपतीला कोकणात गेला, की बाकीच्यांनी इथे आरत्या म्हणत बसायचं. गिट बनवणाऱ्या टोरवाल्ड्सला त्याबद्दल साष्टांग दंडवत. ते एआय मदतनीससुद्धा मला आवडतात. बापजाद्यांचा आरपीजी (एएस/४००वरची भाषा) कोड पुढ्यात टाकला तर बऱ्यापैकी समजावून सांगतात. थापा मारतात, पण त्या तपासता तरी येतात. कागदावर एक ओळ न ठेवता निवृत्त झालेल्या माणसाचं काय तपासणार?

माझं दुखणं वेगळं आहे. साधन निवडतो एक, वापरतो दुसरा. आमच्या एका क्लायंटकडे हिरव्या पडद्यावर ऑर्डरी भरणाऱ्या एक बाई होत्या. डाव्या हाताचं बोट कागदावर, उजवा हात नंबर पॅडवर, मान खाली. फील्ड एक्झिट, फील्ड एक्झिट, एंटर. पुढचा पडदा उमटायच्या आत त्याचे आकडे टाइप झालेले असत. मग ब्राउझरवाली देखणी सिस्टिम आली. दर ओळीला माउस, ड्रॉपडाउन आणि ते गोल फिरणारं चक्र. डेमो कुणी पाहिला? ज्यांनी जन्मात एक ऑर्डर भरली नाही त्यांनी. बाईंना बोलावलं ते थेट ट्रेनिंगला.

चॅटचंही तेच. 'हाय सर' एवढंच लिहून माणूस गप्प. अरे, काय हवंय ते सांग की! हे आम्ही मागितलं नव्हतं, वरून आलं. आणि ते रुजत नसलं तर म्हातारे आडवे येतात म्हणे.

फेज३वाला

काका, पोस्ट माझी नाही, पण बदाम माझा आहे आणि परत घेणार नाही.

त्या बाईंना वेग होता कारण त्या वर्षानुवर्षं तेच करत होत्या. नवीन पोरगी बसवली असती तर? कुठल्या पडद्यावर कुठली एफ-की, कुठल्या गिऱ्हाइकाचा कोड काय, हे बाईंच्या डोक्यात आणि एका फाटक्या वहीत. यालाच तुमची पिढी 'अनुभव' म्हणते. आम्ही 'बाई रजेवर गेल्या, आता काय' म्हणतो.

एक्सेलप्रेमाबद्दल तर बोलूच नका. ऑक्टोबर २०२०मध्ये इंग्लंडात करोनाचे सुमारे १६ हजार रुग्ण आकडेवारीतून गळाले, कारण कुणीतरी जुन्या एक्सएलएस फाइलीत डेटा ओतत होतं. त्यात ६५,५३६ ओळींच्या पुढे जागाच नाही. चिकटून बसण्याची किंमत ही अशी असते.

हिरवा पडदा

नव्या फाइलीत १०,४८,५७६ ओळी बसतात, आणि ती २००७पासून आहे. तेरा वर्षांत जुना फॉरमॅट कुणी बदलला नाही हा व्यवस्थापनाचा गाढवपणा, एक्सेलचा नव्हे. आणि उदाहरणंच हवीत तर १९ जुलै २०२४ घ्या. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक अपडेट आणि जगभरात ८५ लाख विंडोज मशिनं निळी पडली. आपल्याकडे विमानतळावर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले! पेन कुणी शोधून काढलं असेल? पंचेचाळिशीपुढच्यानेच.

फेज३वाला

बरं, पेनाचं श्रेय तुम्हाला. खूश?

भोसरीकर

आयटीवाल्यांची भांडणं एसीत बसून. जरा आमच्याकडे एमआयडीसीत या. डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून चालू आहे, आणि हौस म्हणून नव्हे. माल निघताना तीन प्रती लागतात: मूळ गिऱ्हाइकाला, दुसरी वाहतूकदाराला, तिसरी आपल्याला. मध्यंतरी सल्लागार आले, म्हणाले लेझर लावा, तीनदा प्रिंट काढा. काढल्या. ड्रायव्हर गेटवर एका प्रतीवर सही करतो आणि टेम्पो घेऊन पसार. उरलेल्या दोन कोऱ्या. डॉट मॅट्रिक्सच्या कार्बनच्या कागदावर एकदा पेन दाबलं की सही तिन्हीवर उतरते. सल्लागारांची फी गेली, प्रिंटर परत आला. वर गुरुवारी वीज जाते तेव्हा तुमचा क्लाउड आमच्यासाठी आकाशातच असतो.

टेस्टरीण

वरच्या तिन्ही पुरुषांना एक आठवण करून देते. तुमच्या त्या सुवर्णकाळात ऑनसाइटचा, म्हणजे परदेशातल्या क्लायंटकडचा, कॉल म्हणजे रात्री दहापर्यंत ऑफिसात बसणं. मशीन टेबलाला बांधलेलं, आपण मशिनाला बांधलेले. माझ्या बरोबरीच्या कितीजणी पहिल्या बाळंतपणानंतर परत आल्याच नाहीत. मी टिकले ती लॅपटॉप आणि घरून ऑफिसच्या नेटवर्कला जोडणाऱ्या व्हीपीएनमुळे. मुलगी झोपली की रिग्रेशन टेस्ट लावायची आणि कुकर. वाकडच्या पुलावर अडकून पडले असते तर आज गृहिणी म्हणून हा धागा वाचत असते. 'हाय'वर गप्प बसणाऱ्यांचा मलाही राग येतो, पण त्याच चॅटवर 'पंधरा मिनिटांत आले' लिहून मी पाळणाघरात पळू शकते. हे तुमच्या हिरव्या पडद्यावर कुठली की दाबून होत होतं?

हिरवा पडदा

मॅडम, मान्य. तरी त्या लॅपटॉपने ऑफिस तुमच्या ओट्यापर्यंत आणलं, हेही मोजा.

टेस्टरीण

ओटा कुणाकुणाचा असतो हा प्रश्न लॅपटॉपच्या आधीचा आहे, काका. त्यावर वेगळा धागा काढा, येते.

एबीसीचा डीटीपी

भोसरीकरांना +१. अप्पा बळवंत चौकातल्या आमच्या गल्लीत येऊन बघा, विंडोज एक्सपी आणि पानं लावायचं पेजमेकर अजून दणदणीत चालतात. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ची. तेव्हापासून एक बटण हललेलं नाही, म्हणून तर ऑपरेटर डोळे मिटून काम करतो. दिवाळी अंक, लग्नपत्रिका, पीएचडीचे प्रबंध, सगळं जुन्या फॉन्टात. जोडाक्षरं बघा कशी टपोरी. तुमच्या युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक) सगळं एकाच साच्याचं, सरकारी परिपत्रकासारखं. नवं म्हणजे चांगलं हे डोक्यातून काढा.

पोथीवाला

आता मात्र राहवत नाही. अवांतर होईल, होऊ दे.

डीटीपीवाले दादा, तुमच्या त्या टपोऱ्या अक्षरांनी मराठीचं जेवढं नुकसान केलंय तेवढं वाळवीने केलं नाही. त्या फॉन्टात मराठी नसतेच. आत इंग्रजी अक्षरं, टक्के, डॉलर आणि कंस असतात, वर मराठीचे मुखवटे. फॉन्ट नसला की उरतो कचरा. आमच्या संस्थेकडे अंकांच्या सीड्यांचा गठ्ठा आहे. फाइल उघडते, पण 'पुणे' शोधलं तर एकही सापडत नाही, आणि अंक सगळा पुण्यावर!

युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ची, विंडोज २०००मध्ये देवनागरी आली. पाव शतक झालं. अजून किती मुदत हवी?

एबीसीचा डीटीपी

मुदत? ऐका साहेब. २००० साली देवनागरी आली म्हणता, कशी आली ते सांगा की. 'तऱ्हा' आणि 'दऱ्या'तला तो आडवा र नीट उमटायचा का? 'ॲ'ला स्वतःची जागा युनिकोडमध्ये २००८मध्ये मिळाली, ५.१ आवृत्तीत. तोवर काय 'ॲडव्होकेट' छापायचे नाहीत? पाकळीवाला ल आणि शेंडीवाला श, हे मराठी वळणाचे मागितले की हिंदी वळणाचे यायचे. गिऱ्हाईक पत्रिका घेऊन उभं, मुहूर्त परवाचा. त्याला सांगू, थांबा, समितीची बैठक आहे? आमच्या फॉन्टांनी तेव्हा मराठी छापली. तुम्ही लोक तेव्हा रोमनमधून 'कसा आहेस' लिहीत होतात.

पोथीवाला

तेव्हाचं ठीक. आत्ताचं काय? मराठी वळणाचे ल आणि श देणारे युनिकोड फॉन्ट आज फुकट मिळतात. पानं लावायच्या नव्या इनडिझाइनमध्ये देवनागरी नीट जुळते. तरी तुम्ही लेखकाकडून युनिकोड मजकूर घेता, जुन्या फॉन्टात फिरवता, छापता, आणि लेखकाने ई-बुकसाठी फाइल मागितली तर पीडीएफ हातावर ठेवता. धंदा आहे तो, परंपरा नव्हे.

एबीसीचा डीटीपी

धंदाच आहे! लाजायचं काय त्यात? तुम्हाला संस्थेचा पगार येतो, मला पानामागे पैसे मिळतात. नवं सॉफ्टवेअर वर्षाला भाडं मागतं, पेजमेकर मागत नाही. आमच्याकडे एक ऑपरेटर आहेत, मराठी टायपिंगची ३० आणि ४०ची परीक्षा खड्या टाइपरायटरवर पास झालेल्या. ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची, मग अक्षर. हाताला तीच सवय. त्यांना सांगू, बाई, आता उलट शिका?

इन्स्क्रिप्ट_एके_इन्स्क्रिप्ट

सगळ्याचं मूळ इथेच आहे. १९८६पासून इन्स्क्रिप्ट हा भारतीय लिप्यांचा कीबोर्ड आहे. डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं, एकदा शिकलात की कानडी-गुजरातीही त्याच कळांवर. पण मराठी माणूस रोमनमध्ये टाइप करून सुचवलेल्यातला शब्द टिचकीने उचलणार आणि मग शुद्धलेखन बिघडलं म्हणून रडणार.

उगाच एक

आला! मी मनात म्हणतच होतो, अजून इन्स्क्रिप्टवाले कसे आले नाहीत. पॉपकॉर्न कुणी आणलेत का?

इन्स्क्रिप्ट_एके_इन्स्क्रिप्ट

ज्यांना दहा बोटं वापरता येत नाहीत त्यांनी पॉपकॉर्नच खावेत.

उगाच एक

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

फेज३वाला

एक मिनिट. डीटीपीवाल्या ऑपरेटर बाई आणि काकांच्या ऑर्डरवाल्या बाई, दोघींची गोष्ट एकच ना? हाताला सवय आहे म्हणून साधन बदलायचं नाही. काका, पोथीवाल्यांनी तुमच्याच मुद्द्याची हवा काढलीय. बाईंचा वेग सांभाळला आणि शोधता न येणाऱ्या सीड्यांचा ढीग मागे ठेवला. वापरणाऱ्याने निवडलं की असंही होतं.

हिरवा पडदा

नाही होत तसं. त्या बाईंनी फॉन्ट निवडलेला नाही, मालकाने निवडलाय. आणि तो अंक पुढे जो वाचणार, शोधणार, तोही वापरणाराच आहे. त्यालाही कुणी विचारलेलं नाही. माझ्या ऑर्डरवाल्या बाईंचा डेटा आज क्लाउडवर आहे आणि बिनबोभाट सापडतो, कारण तो ज्याने साठवला त्याला साठवणं कळत होतं. पडदा हिरवा होता, आतले रकाने चोख होते. पडद्याच्या रंगावरून आतलं ठरवू नकोस एवढंच सांगतोय.

फेज३वाला

म्हणजे शेवटी काका बरोबर. कमाल आहे! असो, 'वापरणाऱ्याला विचारा' हे घेतो. आमच्याकडेही गेल्या महिन्यात नवं टाइमशीट आलंय. कुणाच्या सुपीक डोक्यातून आलं, देव जाणे. आम्हाला कुणी विचारलं नाही, आणि आम्ही तिशीच्या आतले आहोत.

संपादक

सदस्यांना विनंती: बोटं, पॉपकॉर्न, पगार यांवरून वैयक्तिक होऊ नये. फॉन्टचर्चा वेगळ्या धाग्यावर हलवायचा विचार आहे.

टेस्टरीण

हलवू नका हो, मूळ धाग्यापेक्षा हीच बरी चाललीय.

पोथीवाला

डीटीपीवाले दादा, भांडण बाजूला. त्या सीड्या युनिकोडमध्ये न्यायच्यात. कन्व्हर्टर लावून पाहिले. रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसतो, वेलांट्या सरकतात, 'कुऱ्हाड'चं काहीतरी भलतंच होतं. तुम्हाला आतलं माहीत आहे. करता का?

एबीसीचा डीटीपी

आता कशी आठवण झाली वाळवीची!

होणारच तसं. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप होतो, युनिकोडात र आधी यावा लागतो. ऱ्हस्व वेलांटीचं उलट. शिवाय एकाच कंपनीच्या दोन फॉन्टांत जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या, तक्ता हाताने जुळवावा लागतो. पाठवा एक अंक, करून देतो. आडवे र तुम्ही तपासायचे, मी शपथ घेणार नाही. आणि फॉन्टचं नाव कळवा.

पोथीवाला

फाइल पाठवली. फॉन्टचं नाव कुठेच लिहिलेलं नाही. ज्या प्रेसमध्ये अंक लावला ती बंद झाली.

एबीसीचा डीटीपी

मग छापील अंकाच्या एका पानाचा फोटो पाठवा. 'क्ष' आणि 'ज्ञ' असलेलं पान बघून घ्या, त्यावरून ओळखतो. आणि मोबाइलवरून तिरका काढू नका.