बास्क आडनावांतले डोंगर-झरे: फोड कुठे करायची?

वाटाड्या: मेंदिसाबाल, इतुर्बे, उगार्ते, उरिबे, अराना. यांत डोंगर, पाणी असं काहीतरी आहे हे दिसतं, पण तोडायचं कुठे? बास्कमध्ये (उत्तर स्पेन आणि लगतच्या फ्रान्समधली भाषा) पाण्याला 'उर' म्हणतात, मग उरिबेही पाण्यावरूनच आलं का?

शब्दखोर: शेपटाकडून सुरुवात करा. '-एता', '-आगा' म्हणजे जागा: अर्रिएता, अर्रिआगा, दोन्ही दगडांची जागा. '-दी/-ती' म्हणजे झाडांची दाटी, म्हणून सागास्ती ही सफरचंदाची बाग. '-बे/-पे' खाली, '-ओंदो' शेजारी, '-आर्ते' मध्ये. मग उरतं ते मूळ: मेंदी डोंगर, इबार खोरं, हार्री दगड, इतुर्री झरा. जोडताना मुळाचं टोक झिजतं. इतुर्री आणि बे मिळून इतुर्बे, झऱ्याखालचं.

विशेषण नामाच्या मागे येतं, इथे मराठी माणूस हमखास उलटं वाचतो. साबाल म्हणजे रुंद, तर मेंदिसाबाल हा रुंद डोंगर. मेंडोझा म्हणजे मेंदी आणि ओत्स, थंड डोंगर. शेवटचा 'आ' हा नामाला चिकटणारा निश्चयवाचक प्रत्यय.

उरिबेत पाणी नाही. बिस्काय या बास्क प्रांतात वस्तीला 'उरी' म्हणतात (इतरत्र इरी, हिरी), म्हणून उरिबे ही खालची वस्ती. उगार्तेत मात्र पाणी आहे: उर आणि आर्ते, पाण्यामधली जागा. 'उर'नंतर 'इ' आली की आधी वस्तीची शंका घ्या.

घाटमाथा: अरानाबद्दल: खोरं म्हणजे 'हारान', आणि 'आरान' म्हणजे आलुबुखार. स्पॅनिश लिखाणात 'ह' गळला की दोन्ही एकच दिसतात. बहुतेकदा खोरंच असतं, पण नुसत्या अक्षरांवर भिस्त ठेवू नका. मूळ घर नकाशावर शोधा, ते खोऱ्यात आहे की उतारावर ते पाहा.

घर म्हणतोय, गाव नव्हे. आपल्याकडचं '-कर' गावाला चिकटतं, तिथलं आडनाव बहुधा शेतघराच्या नावावरून. त्यामुळे एत्शेबेर्रिया (नवं घर) नावाची दोन कुटुंबं नात्यातली असतीलच असं नाही. नवी घरं गावोगाव होती. हेच नाव स्पॅनिशमध्ये एचेवेरिया, चावार्री झालं, आणि उत्तर स्पेनमधल्या नवार्रा प्रांतातल्या एका किल्ल्याचं नाव त्यावरूनच हावियेर पडलं. त्या किल्ल्यात 1506 मध्ये जन्मलेले फ्रान्सिस झेवियर. त्यांचे अवशेष जुन्या गोव्यात बॉम जेझूसमध्ये आहेत. गोव्यातल्या प्रत्येक झेवियरच्या नावात म्हणजे एक बास्क घर आहे.

वाटाड्या: मग बोलिवार? 'इबार' शेवटी दिसतंय.

शब्दखोर: बरोबर. बोलु म्हणजे गिरणी, बोलिबार म्हणजे गिरणीचं खोरं. बिस्कायमध्ये याच नावाचं गाव आहे आणि दक्षिण अमेरिकेतल्या स्वातंत्र्यलढ्याचा नेता सिमोन बोलिवार याचे पूर्वज तिथले. 'ब'चा 'व' फक्त स्पॅनिश स्पेलिंगमुळे दिसतो.