राउटरचा सोर्स गिऱ्हाईक मागतंय, द्यावाच लागतो का?

भोसरीकर
आम्ही छोटी कंपनी, वायफाय राउटर विकतो. बोर्ड आणि एसडीके (त्यावर सॉफ्टवेअर बनवायचा तयार संच) चीनच्या व्हेंडरचं, वर आमचं वेब पेज आणि लोगो. काल एका गिऱ्हाइकाचा मेल आला की यात लिनक्स आणि बिझीबॉक्स (लिनक्सच्या छोट्या कमांडांचा संच) आहे, त्यांच्या जीपीएल लायसन्सप्रमाणे सोर्स, म्हणजे मूळ कोड, द्या. साहेब म्हणतात लक्ष देऊ नकोस, आपण एक ओळही बदलली नाही, व्हेंडरला विचार म्हणावं. मला काही हे पटत नाही. आणि आमच्या वेब पेजचा कोडपण द्यावा लागेल का?

कर्नलवेडा
द्यावाच लागतो भाऊ. बदललं की नाही हा प्रश्नच नाही, डबा विकला की जबाबदारी तुमची. जीपीएल व्हर्जन २ चं कलम ३ साहेबांना वाचायला दे, एकतर डब्यासोबत सोर्स, नाहीतर सोर्स देऊ अशी किमान ३ वर्षं चालणारी लेखी ऑफर, तीही कोणीही मागितलं तरी. व्हेंडरची ऑफर पुढे सरकवायची सोय आहे पण ती फक्त धंदा नसलेल्या वाटपाला. पाळलं नाही तर कलम ४ खाली लायसन्सच संपतं, मग विकलेला प्रत्येक डबा कॉपीराइटचा भंग. वेब पेज वेगळा प्रोग्राम असेल, नुसता डब्यातल्या त्याच फ्लॅश मेमरीवर शेजारी बसलेला, तर तो तुमचाच राहतो. त्यात जीपीएलवाली लायब्ररी (दुसऱ्याचा तयार कोड) लिंक केली असेल तर मात्र नाही.

जुना_एम्बेडेडवाला
आमच्या जुन्या कंपनीत नेटवरून साधा कर्नल (लिनक्सचा गाभा) उतरवून झिप पाठवली होती, गिऱ्हाइकाने दुसऱ्याच दिवशी विचारलं डॉट कॉन्फिग (सेटिंगची फाइल) कुठंय, बिल्डच्या, म्हणजे सोर्सपासून सॉफ्टवेअर बनवायच्या, स्क्रिप्ट कुठंयत? त्यापण द्याव्या लागतात, कलम ३ मध्येच लिहिलंय. बिल्ड करणारा पोरगा नोकरी सोडून गेलेला, कुठल्या एसडीकेवर केलं कोणालाच माहीत नाही, महिना गेला त्यात. प्रत्येक रिलीजचा टारबॉल (सगळ्या सोर्सची एकत्र बांधलेली फाइल) त्याच दिवशी बाजूला ठेवा.

ओपनडब्ल्यूआरटी_प्रेमी
आणि कोर्टात टिकत नाही असं कोणी म्हटलं तर २००४ चा म्युनिकचा निकाल दाखव, तिथे जीपीएल टिकली. लिंक्सिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरचा सोर्स २००३ मध्ये लोकांनी मागून घेतला म्हणून तर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्सवरचं खुलं सॉफ्टवेअर) उभं राहिलं, आज तुमचा एसडीकेसुद्धा त्याच्यावरच असेल बघ.

भोसरीकर
हो, त्यावरच आहे! डब्यातल्या कागदावर ऑफर छापलेलीच नाहीये. व्हेंडरला मेल टाकलाय. गिऱ्हाइकाला तोवर काय लिहू?

कर्नलवेडा
खरं तेच लिही, सोर्स गोळा करतोय, अमुक तारखेला देतो. आणि टारबॉल आला की कोऱ्या मशीनवर बिल्ड करून मगच पाठव.